बदली तास

आमच्या शाळेत रोज सकाळी प्रार्थना संपली की शिपाई एक लांबट, निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन फिरतो. ती वही दिसताच शिक्षकांच्या खोलीत एकाएकी शांतता पसरते. कोणी वर्तमानपत्र तोंडापुढे धरतो, तर कोणाला वह्या तपासायच्या राहिल्याची आठवण होते. माझ्यासमोर मात्र शिपाई काही न बोलता येऊन उभा राहतो, आणि मीही काही न वाचता सही करतो. गेली वीस वर्षे हा क्रम अखंड चालू आहे. गणिताचे मास्तर तापाने फणफणले, कुणा बाईंच्या घरी लग्न निघाले, कोणी निवडणुकीच्या कामावर गेले, की त्यांच्या रिकाम्या वर्गावर पाठवायला शाळेला एक हक्काचा माणूस लागतो. आणि चित्रकलेच्या मास्तराइतका हक्काचा माणूस शाळेत दुसरा कोण असणार?

मी मॅट्रिक झालेला माणूस. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि त्या जोरावर मास्तर झालो. खासगी शाळांतील नोकरीचा कायदा १९७७ साली झाला, त्याखालचे नियम १९८१ साली आले, आणि तेव्हापासून प्रत्येक संस्थेला शिक्षकांची सेवाज्येष्ठतेची यादी ठेवावी लागते. या यादीत माझे नाव शोधायचे तर वरून वाचत येण्यापेक्षा खालून वर जाणे सोयीचे पडते. त्यातही एक गंमत आहे. नोकरीची माझी पहिली चार वर्षे घाटावरच्या एका शाळेत गेली. पुढे आई आजारी पडली आणि मी गावाकडे, दुसऱ्या संस्थेत, आलो. नवी संस्था म्हणजे नवी यादी. त्या चार वर्षांचे काय झाले, असे मी एकदा कार्यालयात विचारले. कारकुनाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि "ती तिकडची," एवढेच उत्तर दिले. त्याचे काही चुकले नव्हते. पण ते दोन शब्द अजून माझ्या कानांतून गेलेले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, दिवाळीच्या दिवसांत हे रडगाणे कशाला? पण त्याला कारणही दिवाळीच घडली.

माझा भाचा वैमानिक आहे. एका लहान विमान कंपनीत तो सहवैमानिक म्हणून लागला, तेव्हा आमच्या वाडीत पेढे वाटले गेले. त्याच्या शिक्षणासाठी ताईने आंब्याची बाग गहाण टाकली आहे, हे मात्र पेढे खाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते. आमच्याकडे चिपीला विमानतळ झाला तो २०२१ च्या ऑक्टोबरात. कर्लीच्या खाडीपलीकडे सड्यावर जेव्हा पहिले विमान उतरले, तेव्हा ताईला वाटले, चला, मुलाची नोकरी आता घरच्या अंगणात आली! परंतु विमान जेथे उतरते तेथेच वैमानिक राहतो असे नाही. त्याचा तळ असतो मोप्याला. म्हणून पोराने पेडण्यात एक खोली भाड्याने घेतली आणि ताईचे अंगण होते तसेच रिकामे राहिले.

गेल्या दिवाळीत त्याचा निरोप आला, की चावदिवसाला येता येणार नाही, ड्यूटी आहे. ताईने एक शब्द न बोलता खटखट्या लाडवांचा डबा भरला, तीन तऱ्हेच्या पोह्यांचे सामान बांधले, परड्यातली चार कारिटे पदरात टाकली आणि मला म्हणाली, "चल." आम्ही एस.टी.ने कुडाळ, सावंतवाडी, बांदा करीत संध्याकाळी पेडण्यात पोचलो.

पाहतो तो चिरंजीव खोलीत खाटेवर पाय पसरून बसलेले! ताई थक्क झाली. "अरे, घरात पाय पसरून बसलो हा आणि सांगता कामार आसंय! ह्या कसला रे काम?"

तेव्हा त्याने आम्हांला सारे समजावून सांगितले. विमान कंपनीत रोजच्या उड्डाणांवर नेमलेले वैमानिक असतात, तसे काही राखीव असतात. त्यांनी ठरलेल्या वेळात गणवेश इस्त्री करून, बॅग भरून, फोन उशाशी घेऊन बसायचे. नेमलेला वैमानिक आजारी पडला, किंवा उशिरा आलेल्या विमानामुळे त्याचे कामाचे तास भरले, की राखीव माणसाचा फोन वाजतो आणि तासाभरात त्याला विमानापाशी हजर व्हावे लागते. पेडणे सोडून मालवणला जायचे म्हटले तर दोन-अडीच तासांची वाट, म्हणून घरी येता येत नाही. आपल्या एस.टी.च्या आगारातही एखादा चालक आला नाही तर त्याच्या जागी धाडायला एकदोन माणसे बसवून ठेवलेली असतात. तोच हा प्रकार. आणि सणावारी राखीव कोणी राहायचे? ज्याचे नाव यादीत तळाला, त्याने! वरच्यांना मुलेबाळे आहेत, त्यांनी आपले दिवस आधीच मागून घेतलेले असतात.

यादी हा शब्द ऐकला आणि मी खुर्ची पुढे ओढली.

वैमानिकांच्या यादीत गुणांपेक्षा नोकरीला लागल्याची तारीख मोठी. जो आधी लागला तो वर. सहवैमानिकाचा कप्तान होण्याची पाळी याच क्रमाने येते. दोनशे तास विमान चालवले की परवाना मिळतो. पण कप्तानाच्या परवान्याला पंधराशे तास लागतात, आणि ते भरल्यावरही वरच्या माणसांची पाळी आधी. अमेरिकेत तर महिन्याच्या कामाचे तक्तेसुद्धा ज्येष्ठतेप्रमाणे निवडायला मिळतात. पहिल्याने आवडीचे घ्यायचे, आणि शेवटच्याने उरेल ते. कंपनी बदलली तर तुम्ही वीस वर्षांचे कप्तान असा, नव्या यादीत पुन्हा तळाशी! मला आमच्या कारकुनाचे ते दोन शब्द आठवले. ती तिकडची.

ज्येष्ठतेचे हे माहात्म्य आम्हां कोकणातल्या माणसांना कोणी शिकवायला नको. आमच्या गावोगावी बारा-पाचाचे मानकरी आहेत. कोणाचा नारळ आधी आणि कोणाचा मागून हे ठरलेले असते, आणि तो क्रम चुकला तर जत्रा अडून बसते. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर सारा गाव नारळ घेऊन उभा असतो, पण सिंधुदुर्ग किल्ल्यावरून मानाचा नारळ समुद्राला गेल्याशिवाय कोणी आपला सोडत नाही. विमानवाल्यांचे तरी वेगळे काय आहे? २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या एकत्र केल्या गेल्या. विमाने एक झाली, पण याद्या दोनच राहिल्या. नवी ड्रीमलायनर विमाने आधी कोणी चालवायची या मानापमानावरून २०१२ च्या उन्हाळ्यात जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी संप केला, तो अठ्ठावन्न दिवस चालला. जत्रा अडते म्हणजे दुसरे काय!

पण राखीव माणसाची गोष्ट मानापमानापाशी संपत नाही. भाच्याने एक हकीकत सांगितली. २००९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत बफेलो शहराजवळ अशाच एका लहान कंपनीचे पंख्याचे विमान कोसळले आणि पन्नास माणसे गेली. चौकशीत ठपका आला तो कप्तानाने ऐन वेळी विमान चुकीचे हाताळल्याचा. परंतु चौकशी खोलवर गेली तेव्हा कळले, की सहवैमानिक मुलगी आदल्या रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाहून, सिअॅटलकडून, मालवाहू विमानांत बसून कामावर आली होती. आणि कप्तानालाही रात्री धड अंथरूण मिळाले नव्हते. लहान कंपन्यांतल्या तरुण वैमानिकांना कामाच्या गावी बिऱ्हाड करणेही परवडत नाही, ही गोष्ट तेव्हा चव्हाट्यावर आली. पुढे २०१४ पासून तिकडे विश्रांतीचे नियम कडक झाले. राखीव माणसालाही एका वेळी चौदा तासांपेक्षा अधिक ताटकळत ठेवू नये असे ठरले. आपल्याकडेही २०२५ च्या जुलैपासून वैमानिकाची आठवड्याची विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस केली आहे.

ताईने ही हकीकत मुकाट्याने ऐकली, मग उठली आणि त्याच्या उशीचा अभ्रा बदलला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मालकिणीच्या तुळशीपाशी गेलो. रस्त्यावरून नरकासुर जाळून परतणाऱ्या पोरांची आरडाओरड ऐकू येत होती. भाच्याने अभ्यंगस्नान केले, टाचेखाली कारीट चिरडले, कडू रसाचे बोट जिभेला लावले. डाव्या हातात फोन होता. पोहे खाताना फोन ताटाशेजारी. मी पाहत होतो, त्याने तिन्ही तऱ्हेचे पोहे घेतले, पण पोटभर एकही खाल्ले नाहीत. न जाणो, फोन वाजला तर!

मग ताई पाण्याला गेली असता त्याने हळूच मला एक कागद दाखवला. एका मोठ्या कंपनीने त्याला बोलावले होते. मोठे जेट विमान, मोठे शहर, आजच्यापेक्षा अधिक पगार. मात्र यादीत अगदी तळ. येथे राहिला तर विमान लहान, पण चारपाच वर्षांत कप्तान होण्याची आशा. मोठ्या कंपनीत त्यालाच दुप्पट वर्षे लागतील. बागेचे कर्ज कोणत्या वाटेने आधी फिटेल, याचे गणित त्याने कागदाच्या पाठीवर तीन वेळा मांडून तीन वेळा खोडले होते.

"मामा," तो म्हणाला, "तुमची ती चार वर्सा गेली, त्येचा वायट वाटता?"

मास्तरकीत माणसाला गोड बोलायची सवय लागते. पण पोराने आपले आयुष्य समोर ठेवून प्रश्न विचारला होता.

"वाटता," मी म्हणालो. "दर वर्साक, यादी इली की वाटता."

"मगे परत इलात कित्याक?"

"आवय हयसर होती म्हणान."

त्यापुढे मला काही सुचले नाही. मी आलो नसतो तर आईचे शेवटचे दिवस परक्या हातांत गेले असते हे खरे, आणि चार वर्षे गेली हेही खरे. एक खरे आहे म्हणून दुसरे खोटे ठरत नाही. त्याने कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

त्या दिवशी फोन वाजलाच नाही. त्याची वेळ संपली तेव्हा त्याने गणवेशाचा पांढरा सदरा काढून पुन्हा हँगरला लावला, आणि स्वयंपाकघरात जाऊन उरलेले सारे पोहे उभ्याउभ्याच संपवले. "दिवस फुकट गेलो," ताई पुटपुटली.

फुकट? परतीच्या एस.टी.त मी हाच विचार करीत होतो. मोप्याहून त्या दिवशी सुटलेल्या विमानांत दिवाळीसाठी घरी निघालेली माणसे बसली असतील. आपल्यासाठी कोणी एक पोरगा अर्धपोटी बसून राहिला आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. राखीव माणसाची किंमत तो नसतो तेव्हा कळते. पुढे दोनच महिन्यांत, २०२५ च्या डिसेंबरात, इंडिगो या देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची उड्डाणे एका आठवड्यात हजारोंनी रद्द झाली. विश्रांतीच्या नियमांचा पुढचा टप्पा नोव्हेंबरात लागू झाला होता, आणि त्याला पुरतील इतके वैमानिक कंपनीने योजून ठेवलेले नव्हते. लोक विमानतळांवर बॅगांवर डोके ठेवून झोपले. शेवटी सरकारला ते नियम काही काळ सैल करावे लागले.

आणि माझे बदली तास तरी सगळेच फुकट गेले का? दुसऱ्याच्या वर्गावर जाऊन मी शिकवणार काय? भूमिती मला येत नाही, इंग्रजीचे व्याकरण त्याहून येत नाही. म्हणून एका पावसाळी दुपारी, आठवी 'ब'च्या वर्गात, मी मुलांना एक गोष्ट सांगायला लागलो. घंटा झाली तेव्हा गोष्ट अर्धी राहिली. पुढच्या आठवड्यात गणिताचे मास्तर पुन्हा आजारी पडावेत म्हणून त्या वर्गातल्या काही मुलांनी देवाला गाऱ्हाणे घातले होते, असे मागाहून माझ्या कानांवर आले. ती गोष्ट सरता सरता वर्ष गेले. माझी पहिली कादंबरी ती हीच.

भाचा होता तेथेच राहिला आहे. माझ्या बोलण्याने नव्हे, बागेच्या गणिताने. परवा फोनवर मोठ्या आनंदाने सांगत होता, "मामा, माझ्या खाली आता सात जणां आसत!" यंदाही चावदिवसाला तो राखीवच आहे, पण यादीतला नवा पोरगा पाडव्याला बसणार आहे, म्हणून पाडव्याला हा घरी येणार. ताईने कारिटे मात्र काढून ठेवली आहेत. दोन दिवस उशिरा चिरडले म्हणून नरकासुर काही परत उठत नाही, असे तिचे म्हणणे.

हे लिहीत असतानाच निळी वही आली आहे. सातवी 'अ', चौथा तास. सही केली.