यादीतील चौथा बोलपट

चित्रपटांविषयी मत देण्याचा अधिकार ज्यांना असतो, त्यांच्यात माझी गणना कोणी करणार नाही. मीही करीत नाही. रात्रीचे जेवण आटोपल्यावर समोर जे लागेल ते पाहावे, आवडले तर जागे राहावे आणि न आवडले तर बसल्या जागी डोळे मिटावेत, एवढाच माझा रसिकपणा. मत मात्र मी प्रत्येक वेळी देतो. ते कोणी मागितलेले नसते, हा भाग निराळा.

गेल्या पावसाळ्यात या सवयीला एक निमित्त मिळाले. पुण्यास असणारा माझा पुतण्या चार दिवसांसाठी तुडीलला आला होता. जाताना त्याने एक पेन ड्राइव्ह आणि नऊ जुन्या मराठी चित्रपटांची यादी माझ्या हाती ठेवली. “काका, क्रमाने पाहा आणि प्रत्येक चित्रपट संपला की तुमचं मत मला मोबाइलवर कळवा,” अशी त्याची अट होती. लावणी संपली होती. आमच्या खाडीपट्ट्यात आषाढाचा पाऊस एकदा बसला म्हणजे माणसाला ओटी सोडून महाडच्या बाजारापर्यंतही जावेसे वाटत नाही. वहिनींनी यादी माजघरात कालनिर्णयाशेजारी टाचली आणि आमचे एकत्र कुटुंब रोज रात्री साडेआठाला दूरचित्रवाणीपुढे जमू लागले. सर्वांत पुढे आरामखुर्चीत आमची आत्या बसे. ती नव्वदीला टेकली आहे; कान थोडे मंद झाले आहेत, पण चष्मा न लावता ती अजून वर्तमानपत्राचे मथळे वाचते.

पहिला अर्थातच दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो लोकांपुढे आला. त्याच्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच आज शिल्लक आहेत, आणि तीसुद्धा 1917 मध्ये फाळक्यांनी तो पुन्हा काढला त्या वेळची असावीत, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. तारामतीच्या कामासाठी एकही स्त्री पुढे येईना, तेव्हा एका उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला फाळक्यांनी लुगडे नेसविले. त्या तारामतीचे दणकट दंड पाहून आमची मुले पोट धरून हसली. बालगंधर्वांना डोळे भरून पाहणाऱ्या त्या पिढीला मात्र यात हसण्यासारखे काही दिसले नसावे. दुसरा चित्रपट ‘अयोध्येचा राजा’. तो 1932 चा, प्रभातचा, मराठीतला पहिला बोलपट. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच. पण या वेळी तारामती दुर्गा खोटे. एकोणीस वर्षांत तीच भूमिका उपाहारगृहातील पुरुषाकडून एका प्रतिष्ठित घरच्या सुशिक्षित स्त्रीकडे आली, हे मला सबंध चित्रपटाहून अधिक नवलाचे वाटले. गोविंदराव टेंबे गात असता मी झोपलो, हे लपवीत नाही. पुतण्याला तसेच कळविले. त्याने हात जोडल्याचे चित्र उलट पाठविले.

तिसऱ्या रात्री मात्र कोणी झोपले नाही. ‘संत तुकाराम’ 1936 चा. दामले आणि फत्तेलाल यांनी काढलेला. पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरविला गेला, हे आपण सर्वांनी इतक्या वेळा ऐकलेले असते की, चित्रपट न पाहताच आपण मान डोलावतो. विष्णुपंत पागनीस तुकोबांची भूमिका करीत आहेत असे वाटतच नाही. पण माझे मन वेधले ते जिजाईने. गौरी ही बाई प्रभातमध्ये साधी कामे करीत करीत पडद्यावर आली. आजारी मुलाला ओढीत आणि हातात पायताण घेऊन ती देवळात शिरते आणि विठोबालाच जाब विचारते, तेव्हा आमच्या वहिनींच्या तोंडून नकळत “बरोबर आहे तिचं!” असे निघून गेले. शेवटी तुकोबा विमानात बसून जातात, आणि बाई खाली राहते. आत्या तेवढे पाहून म्हणाली, “संतांच्या बायकांचा एक निराळा गाथा लिहायला हवा होता कोणीतरी.” मी हे मत माझे म्हणून पुतण्याला कळविले.

आता चौथा. कालनिर्णयाशेजारच्या कागदावर चौथ्या ओळीत ‘कुंकू’ असे स्पष्ट लिहिले होते, आणि तो मला आत्यापुढे लावायचा नव्हता.

हा संकोच समजण्यासाठी आमच्या घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. आत्याचे लग्न 1954 मध्ये झाले. ती सतरा वर्षांची होती आणि आमचे आतोबा चाळिशीचे. पहिली बायको वारलेली, तीन मुले. थोरली मुलगी आत्याहून पाचच वर्षांनी लहान. कायद्याला यात बोलण्यासारखे काही नव्हते, कारण शारदा कायद्याने मुलीचे ठरविलेले वय तिने ओलांडले होते. (तो कायदा देवलांच्या ‘शारदा’ नाटकावरून नाव पडलेला आहे, अशी आमच्या घरात पुष्कळ वर्षे समजूत होती. ते नाव हरबिलास सारडा या गृहस्थांचे, हे मला फार उशिरा कळले.) 1985 मध्ये आतोबा गेले, पुढे मुले आपापल्या संसारास लागली, आणि माझ्या वडिलांनी आत्याला माहेरी आणले. तेव्हापासून ती आमच्यात आहे. तिच्या लग्नाविषयी आमच्या घरात कोणी वाईट बोलले नाही, कारण कोणी काही बोललेच नाही.

‘कुंकू’ची कथा बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांताराम यांनी तो 1937 मध्ये काढला. पोरक्या नीराला तिचा मामा फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो आणि ती त्याला नवरा मानण्याचे साफ नाकारते. अशी कथा घरातल्या वृद्ध बाईपुढे कशाला मांडावी? म्हणून मी चौथी रात्र गुपचूप ‘ब्रह्मचारी’ला दिली. अत्र्यांच्या त्या 1938 च्या विनोदावर सर्वांत जास्त आत्याच हसली. मीनाक्षीबाईंच्या पोहण्याच्या पोशाखावर त्या काळी एवढा गहजब का झाला, ते मुलांना समजावून सांगताना माझीच तारांबळ उडाली. पाचव्या रात्री ‘माणूस’ लावावयाचा, तर लाइट गेली. सहाव्या रात्री ‘शेजारी’. तो 1941 चा. जिवबा आणि मिर्झा हे दोन म्हातारे बुद्धिबळाच्या पटावर बसतात, धरणाच्या पायी त्यांचे बिनसते आणि शेवटी धरण फुटते तेव्हाच ते एक होतात. आमच्या खाडीपट्ट्यात हिंदू आणि मुसलमान यांची घरे जुन्या काळापासून शेजारी आहेत. त्या रात्री आमच्या पलीकडच्या घरातले चाचा मुद्दाम पाहावयास आले होते. पाण्याचे दृश्य त्यांना पाहवेना. 2021 च्या जुलैत महाडमध्ये पाणी शिरले तेव्हा त्यांचे थोरले चिरंजीव तेथे एका माळ्यावर अडकून पडले होते.

चाचा गेल्यावर आत्या उठली, कालनिर्णयापाशी गेली आणि मला म्हणाली, “चौथा कुठं गेला रे? वरून खाली मोजते आहे मी रोज.”

मी काहीतरी पुटपुटलो. फीत खराब आहे, असे म्हणालो असेन.

“फीत खराब नाही. तुझं तोंड खराब झालंय. उद्या तो लाव.”

तेव्हा सातव्या रात्री ‘कुंकू’. चित्रपट म्हणून तो काय आहे, हे मी आधी सांगून टाकतो, कारण पुढे ते राहून जाईल. पार्श्वसंगीत म्हणून त्यात काही नाहीच. घरात जे आवाज असतात तेवढेच कानी पडतात. लंबकाच्या जुन्या घड्याळाची टिकटिक होते, भांडे पडते, दार लागते. शांता आपटे गातात तेव्हाही साथीला ग्रामोफोन असतो आणि तो आपल्याला दिसतो. त्यामुळे आपण कोणाच्या तरी खऱ्या घरात चोरून पाहतो आहोत, असे दोन तास वाटत राहते. केशवराव दात्यांचा म्हातारा मला खलपुरुष वाटेल अशी माझी अपेक्षा होती. तसे झाले नाही. आरशापुढे उभा राहून तरुण दिसण्याची धडपड करणारा तो गृहस्थ पाहून हसू येते, आणि ते हसू पुरते उमटण्याच्या आत त्याची कीव येते. शकुंतला परांजपे यांनी केलेली त्याची विधवा लेक घरात पाऊल टाकते तेव्हा नीराला पहिल्यांदा माणूस भेटते. शेवटी त्या म्हाताऱ्याचे डोळे उघडतात, तो नीराला मोकळी करतो आणि स्वतः जीव देतो. नीराने दुसरे लग्न करावे, असे तो चिठ्ठीत लिहून ठेवतो.

मुले झोपावयास गेली. सौ. आणि वहिनी स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्या मुद्दाम गेल्या हे मला कळले. मी आत्याकडे पाहण्याचे टाळीत होतो. तिचे डोळे कोरडे होते.

“चांगला आहे,” ती म्हणाली. “पण सोपा आहे.”

“सोपा म्हणजे?”

“त्या म्हाताऱ्याची चूक आहे ना, ती त्याला शेवटी कळते. कळल्यावर तो मरतो. तिला भांडायला माणूस होता. आमचे हे पहिल्या दिवसापासून शहाणे. कधी आवाज चढवला नाही. पहिल्या दिवाळीला मला म्हणाले, ‘तुमच्यावर अन्याय झाला आहे, हे मी जाणतो.’ मग मी भांडायचं कोणाशी? एकतीस वर्षं ते भले वागले. भल्या माणसावर रागावता येत नाही, आणि राग तर होता. तो कुठं ठेवायचा, ते काही सिनेमात दाखवलं नाही.”

मी गप्प राहिलो. मग धीर करून विचारले, “तू नाही का म्हटलं नाहीस, आत्या?”

“नाही म्हणता येतं हे मला कुठं ठाऊक होतं? या नीराला ठाऊक होतं. तिला पुस्तकं वाचायला मिळाली होती.” मग जरा थांबून ती म्हणाली, “आणि गंमत सांगू? तुझ्या आजोबांनी हा बोलपट पाहिला होता. मी जन्मले त्याच वर्षी. मुंबईला नोकरीत होते तेव्हा दोनदा पाहिला होता त्यांनी. मला लहानपणी गोष्ट म्हणून सांगत. शांता आपटे काठी घेऊन त्या सावत्र मुलाला कशी बदडते, ते उठून करून दाखवीत.”

हे मला नवीन नव्हते. आणि ते नवीन नव्हते याचीच मला लाज वाटली. आजोबांचे ते काठी उगारणे मी स्वतः पाहिले होते. लहानपणी ओटीवर त्यांच्या मांडीशी बसून ‘कुंकू’ची गोष्ट मीही ऐकली होती. प्रत्येक मुलीच्या बापाने तो बोलपट पाहिला पाहिजे, असे ते ठासून सांगत, आणि गावातले लोक त्यांना सुधारक म्हणत. त्यांची तसबीर अजून ओटीवर आहे. 1937 आणि 1954 ही दोन्ही साले मला पाठ होती. एक आजोबांच्या गोष्टीतले, दुसरे आत्याच्या लग्नपत्रिकेतले. ती दोन साले एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत, असे सबंध आयुष्यात मला एकदाही सुचले नव्हते. माझ्या वडिलांना सुचले असेल काय? ते आता विचारता येत नाही.

“आजोबांनी तुला फसवलं, असं वाटतं का तुला?” मी विचारले.

“छे रे. फसवलं कोणी नाही. स्थळ चांगलं होतं, माणूस चांगला होता, हुंडा नव्हता. मला विचारलं नाही, एवढंच.” ती खुर्चीच्या हाताला धरून उठली. “आणि बाबांना तो बोलपट मनापासून आवडला होता हो. ते ढोंग नव्हतं. नीरा ती दुसऱ्या कोणाची तरी मुलगी होती, इतकंच.”

दाराशी गेल्यावर ती वळली आणि उद्या काय लावणार, असे विचारू लागली. मी म्हटले, यादीप्रमाणे ‘रामशास्त्री’, त्यानंतर ‘श्यामची आई’. “श्यामची आई नको बाई,” ती म्हणाली. “तुम्ही सगळे रडत बसाल. त्यापेक्षा ती जिजाई पुन्हा लाव.”

ती आत गेली. थोड्या वेळाने पुतण्याचा निरोप आला: “काका, ‘कुंकू’ बघितलात का? मत?” मी प्रथम पार्श्वसंगीत नसण्याविषयी दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. नंतर केशवराव दात्यांविषयी लिहिले, तेही पुसले. सरतेशेवटी, गणपतीला येशील तेव्हा आत्याजवळ बस आणि तिलाच विचार, एवढे लिहून पाठविले आणि दिवा मालवला.