आळवणीचे स्थलांतर

फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय धर्मोपदेशक चार्ल्स अल्बर्ट टिंडली यांच्या १९०५ मधील प्रार्थनागीतात भक्त देवाला विनवितो, की संकटात माझ्यापाशी उभा राहा. हीच आळवणी १९६० मध्ये बेन ई. किंग यांनी प्रेयसीकडे वळविली आणि ‘स्टँड बाय मी’ सिद्ध झाले. चर्चमधील गायन आणि हार्लेमच्या रस्त्यांवरचे डू-वॉप, हे दोन्ही संस्कार या गायकाच्या कंठात होते. देवाच्या जागी माणूस बसविणे हा अनेक श्रद्धाळूंना प्रमाद वाटे. परंतु यास भक्तीचा ऱ्हास म्हणणे उथळपणाचे ठरेल. पर्वत सागरात कोसळण्याची प्रतिमा बायबलच्या ४६ व्या स्तोत्रातून येते. तिचे भय आणि तिचा विश्वास गीतात तसाच शाबूत आहे. सहरचनाकार लीबर व स्टोलर यांपैकी स्टोलर यांनी बांधलेले मंद्र स्वरांचे आवर्तन तो विश्वास आरंभापासून पेलून धरते. मागाहून येणारा व्हायोलिनांचा मेळ, खरे तर, नसता तरी चालले असते. १९६१ मध्ये अमेरिकी क्रमवारीत चौथ्या स्थानी पोचलेले हे गीत १९८६ मध्ये त्याच नावाच्या चित्रपटामुळे पुन्हा गाजले. त्याची कथा चार मुलांच्या मैत्रीची आहे. तेथे प्रेयसीही उरलेली नाही.