पाणी किती वाजेपर्यंत?

"उपाशी आहात ना?" असं मी पेशंटला विचारत नाही. त्याचं उत्तर ठरलेलं असतं: "हो साहेब, कालपासून अन्नाचा कण नाही." त्यापेक्षा स्टूल ओढून शेजारी बसतो आणि विचारतो, "आजी, सकाळी चहा कोणी करून दिला?" मग आजी सहज सांगतात, "सुनेनं देल्ला ना बाबू. चहा नाही घेतला तं डोकं दुखते माह्यं." बुलढाणा जिल्ह्यात भूल देताना मी शिकलेली ही सगळ्यात मोलाची गोष्ट. आपल्याकडे चहा कोणी खाण्याच्या हिशेबात धरत नाही. एकादशीची साबुदाण्याची खिचडीही धरत नाहीत. पण तेल आणि दाण्याचा कूट घातलेली खिचडी पोटाला जडच. गालातला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, तर काही वेळा थिएटरच्या दाराशी थुंकायला लावावा लागतो.

इतकी चौकशी कशासाठी? जागेपणी घास चुकून श्वासनलिकेकडे वळला तर ठसका लागतो, घसा आपोआप मिटतो. भुलेत ही राखण थांबते. पोटातलं वर आलं तर सरळ फुप्फुसात उतरतं. घट्ट अन्नाने वाट बुजते, आंबट पाण्याने फुप्फुस भाजून निघतं. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये बाळंतिणींच्या नोंदी तपासून हे मांडलं. ४४,०१६ प्रसूतींमध्ये ६६ जणींच्या फुप्फुसात पोटातलं गेलं होतं. दोघी दगावल्या, त्या घट्ट अन्नाने गुदमरून. त्यानंतरच्या काळात 'रात्री बारानंतर तोंडात काही नाही' हा नियम जगभर घट्ट रुजला.

माझं भांडण आहे ते या नियमाशी. अन्नासाठी तो ठीक, पाण्यासाठी नाही. पाणी पोटात थांबत नाही; घेतलेल्यातलं निम्मं साधारण वीस मिनिटांत पुढे सरकतं. १९८६ मध्ये कॅनडात माल्टबी आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशनच्या दोन-तीन तास आधी पेशंटना दीडशे मिलिलिटर पाणी दिलं. त्यांच्या पोटात न प्यालेल्यांपेक्षा जास्त काही साठलेलं नव्हतं. अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्येच लिहून दिलं: पाणी, कोरा चहा, गाळलेला रस दोन तास आधीपर्यंत चालतो. आईचं दूध चार तास. गाईम्हशीचं दूध आणि हलकं खाणं सहा तास, कारण दूध पोटात गेलं की त्याचं दही होतं आणि ते जेवणासारखंच रेंगाळतं. तळलेलं, मटण, कचोरी यांना आठ तास किंवा जास्त. आपला चहा दुधाचा, म्हणून तो सहा तासांच्या रांगेत.

तरीही वॉर्डात अजून 'बारानंतर पाणीसुद्धा नाही' असंच सांगितलं जातं. जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. जळगाव जामोदकडून पहाटेच्या एसटीने आलेला माणूस, लिस्टमध्ये नंबर चौथा, दुपारचे दोन वाजलेले. ओठांना पापुद्रे, जीभ टाळूला चिकटलेली, हात दाबून पाहिला तरी शीर हाताला लागत नाही. अशाला पाठीत भूल दिली की बीपी धाडकन उतरतो. संग्रामपूर, शेगाव, जळगाव जामोद हा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीतलं पाणी खारट. किडनीच्या आजाराने गावं त्रस्त आहेत. अशा किडन्यांना दिवसभर कोरडं ठेवणं हे क्रौर्य आहे, मी दुसरा शब्द वापरणार नाही. लहान मुलांचं तर विचारूच नका. हर्नियाचं तीन वर्षांचं पोर सकाळपासून पाणी मागत असतं आणि आई पदराने त्याचे ओठ पुसत असते. त्याला दोन तास आधीपर्यंत साखरपाणी द्यायला काहीच हरकत नसते. युरोपातले भूलतज्ज्ञ आता मुलांना एक तास आधीपर्यंत देतात.

म्हणून लिस्ट लागली की मी सिस्टरना प्रत्येक नावापुढे पाण्याची वेळ लिहायला सांगतो. लहान मूल आणि मधुमेही आधी घ्यायचे, हेही तेव्हाच ठरतं.

सगळ्यांना हे गणित लागू पडत नाही, हेही सांगायला हवं. महामार्गावर नांदुऱ्याजवळ अपघात झालेल्या माणसाचं पोट अपघाताच्या क्षणीच बंद पडलेल्या घड्याळासारखं थांबतं. तो दहा तासांनी आला तरी मी त्याचं पोट भरलेलंच समजतो. कळा देणारी बाई, जुना मधुमेह, आतडं अडकलेला पेशंट यांचंही तसंच.

आणि लोक खोटं का सांगतात? ऑपरेशन पुढे गेलं तर पुन्हा मजुरी बुडते, पुन्हा गाडीभाडं, सोबतीला आलेल्या भावाची पुन्हा सुटी. त्यात खरं सांगणाऱ्यावर आपण वॉर्डभर ओरडतो. पुढचा पेशंट ते ऐकत असतो आणि गप्प राहायचं ठरवतो. ज्याने खाल्ल्याचं कबूल केलं त्याला रागावू नये. शक्य असेल तर त्याच दिवशी शेवटचा नंबर द्यावा.

तुमच्या घरी कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: शेवटचं जेवण किती वाजता, पाणी किती वाजेपर्यंत, आणि बीपी-शुगरच्या गोळ्यांपैकी कुठली घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. उत्तर कागदावर लिहून घ्या. चुकून काही पोटात गेलं असेल तर थिएटरात जाण्याआधी सांगा. ऑपरेशन उद्याही करता येतं.