जुने मशीन

सदरमधील आमच्या घरापासून सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथीड्रल हाकेच्या अंतरावर आहे आणि समुद्र आठशे किलोमीटरांवर. होडीच्या यंत्राशी माझा संबंध आला तो सासुरवाडीमुळे. गेल्या पावसाळ्यात, मासेमारी बंदीच्या दिवसांत, उत्तनहून मेव्हण्याचा फोन आला. "भावोजी, एक जुने आउटबोर्ड पाहून ठेवले आहे. तुम्ही इंजिनातले जाणकार. येऊन बघाल का?"

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवायचे मशीन. नॉर्वेत जन्मलेल्या ओल एव्हिनरूड या कारागिराने १९०९ साली अमेरिकेत अशी यंत्रे विकायला आरंभ केला. वल्ही मारणाऱ्या हातांना त्याने विसावा दिला खरा. पण नव्या मशीनची किंमत लहान होडीवाल्याला पेलत नाही. म्हणून जुन्याचा शोध.

विकणारे एक वयोवृद्ध कोळी होते. अंगणातल्या पिंपात गोडे पाणी भरून त्यांनी मशीन त्यात उतरवले होते. मी प्रथम त्याला हात लावून पाहिला. आधीच तापवून ठेवलेले यंत्र गिऱ्हाइकापुढे चटकन सुरू होते; हे मात्र थंडगार होते. खालच्या गिअरचे थोडे तेल काढले. पाणी शिरले असेल तर ते दुधाळ दिसते. हे स्वच्छ होते. दुसऱ्या ओढीलाच मशीन सुरू झाले आणि बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार नीट वाहू लागली. ती धार नसेल तर इंजिनाला थंडावा मिळत नाही आणि ते जळते. दहा मिनिटे चालवूनही काही दोष दिसेना. मी मेव्हण्याला होकाराची खूण केली.

तोच बाबा म्हणाले, "थांबा. तासाभराने हे बंद पडते. कॉइल तापली की ठिणगी येत नाही. निवेपर्यंत वल्ही मारावी लागतात. पिंपात ते कळायचे नाही."

"बाबा, तुम्ही सांगितले नसते तर?" मेव्हण्याने विचारले.

"तर तुला ते खडकांजवळ कळले असते."

नव्या कॉइलची किंमत वजा करून व्यवहार ठरला. मेव्हणा आनंदात होता. मी मात्र परतीच्या गाडीत रात्रभर जागा होतो.

चार महिन्यांपूर्वी मी माझी जुनी स्कूटर आमच्याच धर्मग्रामातील एका तरुणाला विकली होती. मागे माणूस बसला की ती दुसऱ्या गिअरमधून सटकत असे. "अंकल, काही बिघाड?" त्याने विचारले होते. "चालवून बघ ना," मी म्हणालो होतो. त्याने एकट्याने गल्लीत एक फेरी मारली आणि पैसे मोजले. मी खोटे बोललो नव्हतो, असे मनाला समजावीत आलो होतो. सातवी आज्ञा लहानपणापासून पाठ. पण मौनानेही चोरी करता येते, हे त्या अंगणात कळले.

शनिवारी मी पापनिवेदन केले. फादरांनी शांतपणे एवढेच विचारले, "त्याचे पैसे?"

रविवारी मिस्सानंतर कॅथीड्रलच्या आवारात मी त्याला बाजूला घेतले. स्कूटरचा दोष सांगितला आणि दुरुस्तीच्या पैशांचे पाकीट पुढे केले. त्याने ते लगेच घेतले नाही.

"अंकल, मला दुसऱ्याच आठवड्यात कळले होते. आईला मागे बसवून दवाखान्यात नेत होतो तेव्हा."

चार महिने दर रविवारी हा मुलगा मला नमस्कार करीत होता. मी तो हसतमुखाने स्वीकारीत होतो.

"मग बोलला का नाहीस?"

"वाटले, तुम्हीच बोलाल."

त्याने पाकीट खिशात ठेवले. स्कूटर मी स्वतः मेकॅनिककडे नेली, आणि काम होईपर्यंत तिथेच बसून राहिलो.