आखाजीचा झोका

आम्ही असोद्यात आलो तो आखाजीचा दिवस होता. टेम्पोतून सामान उतरत होतं, हमाल फ्रीज ओट्यावर टेकवून दम खात होते आणि समोरच्या निंबावर झोका चालला होता. पंचविशीतल्या, पन्नाशीतल्या, एक तर चांगली सत्तरीची. एक उतरली की दुसरी बसत होती आणि खाली उभ्या असलेल्या बाया गाणं पुढे नेत होत्या. माझी सहा वर्षांची लेक टेम्पोच्या सावलीत उभी राहून बघत होती. "या सगळ्या इथेच राहतात?" तिनं मला विचारलं. मला काय ठाऊक असणार! उत्तर झोक्याजवळच्या एका बाईनं दिलं. "नही व बेटा, या तं समद्या पाव्हन्या. माहेरी आल्या." आणि तिनं माझ्या लेकीला उचलून झोक्यावर बसवलं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात या सणाला दिवाळीइतका मान. पितरांच्या नावानं घागर भरायची, पुरणाचे मांडे नि आंब्याचा रस करायचा आणि त्याआधी मुऱ्हाळी पाठवून सासरच्या लेकींना घरी आणायचं. शेतात तेव्हा फारसं काम नसतं, ऊन मात्र पंचेचाळीस अंशांपर्यंत चढलेलं असतं. त्या उन्हात निंबाच्या सावलीला लेकी झोके घेतात. सगळ्या गावाच्या लेकी परत येत होत्या त्या दिवशी आम्ही चौघं पहिल्यांदा त्या गावात पाऊल टाकत होतो. ओळखीचं एकही दार नव्हतं.

माझं माहेर वाईचं, यांचं घर सांगलीकडचं. लग्नानंतरची आठ वर्षं चिंचवडला चौथ्या मजल्यावर गेली. यांची बदली जळगावला झाली तेव्हा शहरात फ्लॅट बघितले, पण मन बसेना. मग कुणीतरी असोद्यातलं हे जुनं घर सुचवलं. धाब्याचं घर, हातभर जाडीच्या भिंती, पुढे ओटा, मागे अंगण, दाराला सागवानी चौकट. जळगाव सहा किलोमीटरवर. मी ओट्यावर पाय ठेवला आणि आतला गारवा अंगावर आला. तिथेच माझं ठरलं.

धाकट्याचं मात्र ठरलं नव्हतं. तो तीन वर्षांचा. पहिले चार दिवस त्याला सहलीला आल्यासारखं वाटलं असावं. पाचव्या दिवशी संध्याकाळी दिवे लागल्यावर त्यानं आपले निळे बूट शोधून काढले, उलटसुलट पायांत घातले आणि उंबऱ्यावर जाऊन बसला. "चला. घरी जाऊ." मी म्हटलं, "अरे, हेच आपलं घर." त्यानं माझ्याकडे नुसतं बघितलं. मग उठून दाराच्या चौकटीपाशी गेला. तिथे लाकडात बसवलेलं पितळेचं एक फूल आहे, रुपयाएवढं. टाचा उंचावून त्यानं त्यावर बोट दाबलं आणि वाट बघत उभा राहिला. तो लिफ्ट बोलावत होता, हे कळायला मला क्षणभर वेळ लागला.

मग रोज संध्याकाळी हेच. बूट, उंबरा, पितळेचं फूल. मी त्याला कडेवर घेऊन धाब्यावर न्यायची, दूरवरून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकवायची, चांदणं दाखवायची. कधी भागायचं, कधी नाही. झोप लागेपर्यंत तो बूट काढू द्यायचा नाही. मोठ्या माणसाला घर बदलायला कारण असतं. बदली, भाडं, शाळा, काहीतरी. त्या कारणाच्या आधारानं आपण दिवस काढतो. तीन वर्षांच्या पोराला कारण सांगता येत नाही. त्याचं घर एका दुपारी नाहीसं झालं, एवढंच त्याला ठाऊक. त्या दिवसांत त्याच्याइतकं एकटं घरात दुसरं कुणी नव्हतं, असं मला आजही वाटतं.

एका संध्याकाळी तो असाच बूट घालून बसला होता आणि मी रडकुंडीला आले होते. शेजारची आजी भिंतीपलीकडून बघत होती. आखाजीला माझ्या लेकीला झोक्यावर बसवणारी तीच. पोरं आता तिला मोठी माय म्हणतात, आणि मीही. आणि इथे मायला कुणी अहोजाहो करत नाही. ती म्हणाली, "राहू दे व माय. रुयेल हयूहयू." मला ऐकू आलं, रडेल. मी म्हटलं, "रडतोच आहे की हो आजी." ती हसली आणि वाटीतून शेवया घेऊन आमच्या उंबऱ्यावर त्याच्या शेजारी येऊन बसली. रात्री भांडी घासताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रुळेल हळूहळू.

इथल्या बोलीत ळ फारसा उरत नाही, त्याचा य होतो. डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी, काळा म्हणजे काया. लेवा गणबोली म्हणतात ती हीच. जून उजाडला, लेक गावातल्या शाळेत जाऊ लागली आणि पोळा येईपर्यंत तिच्या तोंडातला ळ गेला. शाळा म्हणजे शाया, आणि मधल्या सुट्टीत केयं. मी आधी दुरुस्त करत होते. 'केयं नाही, केळं म्हण.' ती माझ्यासमोर केळं म्हणायची आणि दाराबाहेर गेली की केयं. सहा वर्षांच्या मुलीनं घरासाठी एक आणि गल्लीसाठी एक अशा दोन भाषा करून ठेवल्या होत्या आणि त्यात मला फक्त घरची मिळत होती. ते लक्षात आलं त्या दिवसापासून मी दुरुस्त करणं सोडलं.

सोडलं त्याला आणखी एक कारण होतं, आणि ते या गावाचंच आहे. बहिणाबाई चौधरींचा जन्म 1880 साली असोद्यात महाजनांच्या घरी झाला. तीन भाऊ, तीन बहिणी, भरल्या घरातली ही लेक तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला चौधऱ्यांकडे गेली. मी रिक्षानं बाजाराला जाते तेवढंच अंतर. पण तेराव्या वर्षी उंबरा ओलांडणाऱ्या मुलीला ते सहा किलोमीटर किती लांब वाटले असतील! तिशीतच वैधव्य आलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे तिनं जे रचलं ते तिचा मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी वेळोवेळी कागदावर उतरवून ठेवलं. 3 डिसेंबर 1951 ला ती गेली आणि 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तिची गाणी पुस्तकात आली. त्या पोरांनी तिचा य बदलून ळ केला असता तर? त्यांनी तो तसाच ठेवला, म्हणून ती कविता आज जिवंत बोलते.

वाईच्या शाळेत मी तिची कविता शिकले तेव्हा पानाखालच्या टिपा पाठ केल्या होत्या. या शब्दाचा अर्थ हा, त्या शब्दाचा अर्थ तो, दोन गुणांचा प्रश्न. माझ्या लेकीला उद्या ती कविता धड्यात येईल तेव्हा टीप लागणार नाही. ही श्रीमंती तिला मी दिलेली नाही, गल्लीनं दिली. बहिणाबाईच्या गाण्यांमुळे मराठी वाचकाच्या मनात हे गाव एका लेकीचं माहेर म्हणून राहिलं आहे. त्या गावात राहून लेकीच्या तोंडातली तीच बोली पुसायची, हे मला पटेना. अजूनही आमच्याकडे कुणी आलं की म्हणतं, मुलांची भाषा बिघडली. मी स्पष्ट सांगते की बिघडलेली नाही. वाढली आहे.

पावसाळा गेला तो कळला नाही. श्रावणात शेजारी कानबाई देवी बसली तेव्हा रात्रभर जागरण झालं आणि पोरं मोठ्या मायच्या मांडीवर झोपली, एवढं आठवतं. पण थंडी पडली आणि भरिताचे दिवस आले ते मी विसरायची नाही.

मला वाटायचं, भरीत मलाही येतं. गॅसवर वांगं भाजायचं, सोलायचं, कांदा घालायचा. मोठी माय म्हणाली, "ते तुहं वांगं भाजनं झालं, भरीत नही." मग एका रविवारी त्यांच्या शेतात गेलो. वांगी हिरवी, अंगावर पांढरट रेघा, एकेक लहान मुलाच्या डोक्याएवढं. कापून दाखवलं तर आत बिया जवळजवळ नाहीतच. मोठ्या मायचा मुलगा ते वांगं हातावर तोलत मला सांगत होता, 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं त्याच वर्षी या वांग्यालाही मिळालं. बोलताना आवाजात असा अभिमान, जणू घरातलं पोरगं पहिलं आलं आहे. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा ढीग रचला होता. त्यावर वांगी मांडली, तेलाचा हात फिरवला आणि काड्या पेटवल्या. कपाशीच्या काडीचा जाळ भसकन् वर येतो आणि लवकर बसतो. वांगं करपत नाही, आतपर्यंत मऊ होतं आणि त्याला धुराचा वास लागतो. हिरवी साल काळी पडून फुटली, फटीतून पाणी चरचरत बाहेर आलं. मग सालं काढून लाकडी भांड्यात सगळा गर ठेचला. हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचून घातले, वरून तेलाची फोडणी, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. वाढलं केळीच्या पानावर, सोबत कळण्याच्या पुऱ्या. धाकटा राखेत हात घालून बसला होता. नाकाच्या शेंड्यापासून कोपरापर्यंत काळा. तिखटानं डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो तरीही तोंड पुढे करून म्हणत होता, "अजून."

त्याच आठवड्यात माझी आई वाईहून आली. पंधरा दिवस राहिली, पोरांचे लाड केले. जाताना रिक्षा दारात आली, तिन्हीसांजेची वेळ. धाकट्यानं निळे बूट आणले. माझ्या पोटात गोळा आला, कारण ते बूट तो कधी मागेनासा झाला याची मी नोंदच ठेवली नव्हती. आई म्हणाली, "चल रे माझ्याबरोबर, वाईला जाऊ." तो बूट हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिला. मग ते बूट त्यानं पितळेच्या फुलाखाली भिंतीला नीट लावून ठेवले आणि म्हणाला, "तू जा. मी घरी थांबतो."

आई गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच पाणी प्यायले. मोठी माय म्हणाली होती तसंच झालं होतं. रुळला.

लेकीचा प्रश्न राहिला होता. तो आला होळीच्या आदल्या दिवशी. ती ओट्यावर बसून मोठ्या मायला वातींसाठी कापूस निवडून देत होती. अचानक म्हणाली, "आई, तुझं माहेर वाई. मोठ्या मायच्या सुनेचं यावल. मग माझं कुठलं?" मी अडखळले. हे भाड्याचं घर. करार अकरा महिन्यांचा, तो आता एकदा नव्यानं केला आहे. आणखी दोन वर्षांनी यांची बदली कुठे होईल सांगता येत नाही. खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून म्हटलं, "बघू अजून, बेटा. हे घर काही आपलं नाही ना."

मोठ्या मायनं वात वळता वळता मान वर केली. "माहेर काय सातबाऱ्यावर राह्यतं का व माय? पोरगी जठी झोका खाते, तठीच तिचं माहेर."

मी त्यावर काही बोलू शकले नाही. वर्षभर मी या घरात पाहुणी म्हणून राहिले होते. भिंतीला खिळा ठोकताना हात आखडता घेतला, अंगणात झाड लावायचं टाळलं, अर्धे पडदे खोक्यातच ठेवले, आपल्याला इथे कुठे राहायचंय म्हणून. आणि त्याच वर्षात माझ्या पोरीचं सहावं वर्ष सरून सातवं लागलं होतं. ते सातवं वर्ष तिला दुसऱ्या कुठल्या घरात पुन्हा मिळणार नव्हतं. मोठेपणी डोळे मिटून ती लहानपण आठवेल तेव्हा तिला हा ओटा दिसेल, ही धाब्याची गार खोली, हा धुराचा वास.

दुसऱ्या दिवशी खोकी उघडली, पडदे लावले. घरमालकांना विचारून अंगणात शेवगा लावला.

मागच्या अंगणातही एक निंब आहे, आणि त्याची पश्चिमेकडची फांदी चांगली जाड आहे. आखाजीला अजून दीड महिना आहे. यांनी जळगावच्या बाजारातून दोर आणला आहे, वीस हात. तो आम्ही कोठीत खुंटीला टांगून ठेवला आहे आणि लेक रोज शायेतून आली की एकदा त्याला हात लावून जाते.