माल राखून

कोल्हापूर,
रविवार, सकाळचे आठ

प्रिय दोस्ता,

तुझा मस्कतहून आलेला आवाज तीनदा ऐकला. "त्रेचाळिसाव्या वर्षी परत शाळा? डोकं फिरलं काय मर्दा तुझं?" असं म्हणून वर खदाखदा हसलास. तिसऱ्या वेळी घरात स्पीकरवर लावलं, तर आमची मंडळी म्हणाली, "मी वर्षभर हेच विचारतेय, मला उत्तर मिळालं नाही. तुम्हाला मिळालं तर कळवा." म्हणजे दोघांना मिळून एकच पत्र. मोबाइलवर हे मावणार नाही, आणि वर्षभर वही लिहून हाताला सवयही लागलीय.

तर ऐक. कोर्स पार पडला. मॅन्युफॅक्चरिंग टेक्नॉलॉजीचं प्रमाणपत्र, अर्धवेळ, एक वर्षाचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी साडेसहा ते नऊ. पहिली पाळी साडेतीनला सुटायची, घरी येऊन अंघोळ, चहा, आणि डबा घेऊन निघायचं. ओव्हरटाइम बुडाला ते वेगळंच. गल्लीतल्या गणपतीच्या आरतीला पहिल्यांदा दांडी पडली, कारण दुसऱ्या दिवशी मेट्रॉलॉजीची चाचणी होती. मंडळाच्या पोरांना वाटलं, माझं कुणाशी तरी वाजलंय.

वर्गात आम्ही बावीसजण. निम्मे डिप्लोमावाले पोरगे, दोघीजणी एका कंपनीच्या क्वालिटीतल्या, आणि आमच्याच शॉपमधला तो ट्रेनी, ज्याला मी चकमध्ये जॉब कसा धरायचा ते शिकवलं. शॉपमध्ये तो मला मामा म्हणतो, वर्गात माझ्या शेजारी बसून माझी वही बघतो. सर तिशीचे. पहिल्या दिवशी मला बघून उठून उभे राहिले, त्यांना वाटलं तपासणीला कुणी आलंय.

आयटीआयमध्ये आपण दोन वर्षं काय केलं रे? कानस घासली, आटे पाडले, वर्कशॉपच्या मागं भेळ खाल्ली. थिअरीच्या तासाला तू झोपायचास आणि मी तुला उठवायचो, बास. पुढं अप्रेंटिसशिपला जे शिकलो ते मेस्त्रींच्या शिव्यांतून. ते शिक्षण कमी नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे लिहिणार आहे त्याचा भलता अर्थ काढू नकोस.

उदाहरण देतो. इन्सर्टची, टूलला बसवायच्या त्या कापणाऱ्या तुकड्यांची, डबी आठवते? सीएनएमजी 120408. वीस वर्षं मी हा नंबर दुकानात तोंडपाठ सांगितला, जसा लोक घरचा गॅस नंबर सांगतात. अर्थ कधी विचारला नाही. सी म्हणजे 80 अंशांचा चौकट आकार. एन म्हणजे बाजूला उतार शून्य, म्हणून तर तो उलटा करून दुसऱ्या तोंडानंही वापरता येतो आणि चार कोपरे मिळतात. चार कोपरे मी वापरत होतोच, का मिळतात ते माहीत नव्हतं. 12 ही कडेची लांबी, 04 जाडी, आणि शेवटचं 08 म्हणजे टोकाची गोलाई 0.8 मिलिमीटर. सरांनी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा मला कुणीतरी माझ्याच घराचा पत्ता समजावून सांगतंय असं वाटलं.

आणि त्या 08 ची गंमत पुढं आहे. फिनिश चांगली पाहिजे तर फीड कमी करायची, हे कोणताही टर्नर झोपेत सांगेल. पण किती? फीडचा वर्ग करायचा आणि टोकाच्या गोलाईच्या आठपटीनं भागायचं, की पृष्ठभागावर राहणाऱ्या उंचवट्याचा कागदावरचा आकडा येतो. 0.2 फीड, 0.8 टोक, म्हणजे सव्वासहा मायक्रॉन. फीड निम्मी केली की उंचवटा निम्मा होत नाही, पाव होतो! मी वीस वर्षं फीड भीत भीत थोडीथोडी कमी करत बसलो, आणि मालक घड्याळ बघत बसले.

गणितानं मात्र रडवलं. थोरली दहावीला आहे. तिच्या गणित भाग 2 च्या पुस्तकात त्रिकोणमिती, माझ्या टेपर टर्निंगमध्ये तीच त्रिकोणमिती. रात्री दहा वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाप आणि लेक एकच 'टॅन' घेऊन बसलेत, असं दृश्य. तिला समोरची बाजू आणि लगतची बाजू पाठ, पण हे कशाला लागतं ते ठाऊक नाही. मला कशाला लागतं ते ठाऊक, बाजू पाठ नाहीत. एके दिवशी मी शॉपमधून एक टेपर पिन खिशात घालून आणली आणि तिच्या हातात दिली. बराच वेळ फिरवून बघत बसली होती. तेव्हापासून पुस्तकात खूण म्हणून तीच ठेवते, बांधणी फाटायला आलीय.

सीएनसीचा भाग पोरांना सोपा गेला, मला नाही. जी झिरो झिरो म्हणजे पळत जा, जी झिरो वन म्हणजे कापत चाल, झिरो टू घड्याळाच्या दिशेनं, झिरो थ्री उलट. हे पाठ झालं. पण एकदा एक्स पंचवीस लिहिताना पुढचं टिंब राहिलं. काही कंट्रोलवर टिंब नसलं की मशीन त्याला पंचवीस मिलिमीटर समजत नाही, पंचवीस मायक्रॉन समजतं. टूल थेट जॉबच्या मध्यावर धावलं आणि चकवर आदळलं. नशीब, सिम्युलेटरवर. पडद्यावर सगळं लाल झालं आणि पोरगे ओरडले, "काकाऽऽ!" हातानं हँडल फिरवणाऱ्याला असा धक्का कधी बसत नाही. हात वाटेतच थांबतो. मशीनला लिहिलेलं तेवढंच कळतं.

ड्रॉइंगच्या तासाला सरांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सांगितलं. हा माणूस जे. जे. मध्ये चित्रकार व्हायला गेला, रंग नीट ओळखता येईनात म्हणून यंत्रांच्या ड्रॉइंगकडं वळला, आणि पुढं मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवायला लागला. मग 1910 मध्ये आपल्या शेजारी किर्लोस्करवाडी. दोन पिढ्या जवळचं गाव म्हणून नाव घेतलं आणि हे कधी कानावर आलं नव्हतं.

आता मूळ गोष्टीकडं येतो. या गोष्टीसाठीच पत्र लिहितोय.

आपल्या मेस्त्रींचं ब्रह्मवाक्य तुला आठवत असेलच: "राहिलेला माल काढता येतो, गेलेला लावता येत नाही." म्हणजे शाफ्ट करताना माप वरच्या बाजूला ठेव. बोअर करताना खालच्या बाजूला ठेव. माल राखून काम कर. मी वीस वर्षं हेच केलं, आणि माझा माल रिजेक्ट होत नाही याचा मला माज होता. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या सहामाहीत सरांनी सांगितलं, प्रत्येकानं आपल्या कामाचे पन्नास जॉब मोजून आलेख काढून आणा. कंट्रोल चार्ट म्हणतात त्याला. 1924 साली अमेरिकेत बेल टेलिफोनच्या कारखान्यांसाठी वॉल्टर शूहार्ट नावाच्या माणसानं तो काढला. मी आपला पंपाचा शाफ्ट घेतला. 25 चा, जी सिक्स. म्हणजे 24.980 पासून 24.993 पर्यंत काहीही चालतं. पन्नासच्या पन्नास मापात. छाती फुगवून कागद दिला. सरांनी तो आडवा धरला, उभा धरला आणि म्हणाले, "काका, तुमचे सगळे ठिपके छताला का चिकटलेत?"

खरंच. 24.988 च्या खाली एकही ठिपका नव्हता. सवलतीची मधली रेघ 24.9865 ला, आणि माझे सगळे तिच्या वर, पाली बसल्यासारखे.

मी म्हटलं, माल राखला. ते म्हणाले, बरोबर. पण या शाफ्टवर जे बसतं त्याचं बोअर कोण करतो? मी सांगितलं, बोअरवाला अण्णा. तोही राखतो का? राखणारच, त्याचेही मेस्त्री तेच. मग सरांनी फळ्यावर लिहिलं. बोअर एच सेव्हन, 25.000 ते 25.021. अण्णा राखून करणार म्हणजे 25.001. मी राखून करणार म्हणजे 24.992. दोघंही ड्रॉइंगमध्ये, दोघांवरही क्यूसीचा शिक्का, आणि मध्ये जागा उरली 9 मायक्रॉन. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. त्यात जरा बोअर लंबगोल झालं, जरा धूळ बसली, की संपलं. दोघांनी मधोमध केलं असतं तर 24 मायक्रॉन जागा होती.

"आणि मग असेंब्लीत काय होतं?" सरांनी विचारलं.

मला लगेच आवाज आला रे. हातोडीचा. आमच्या शॉपच्या मागच्या शेडमध्ये असेंब्लीचा पोरगा दिवसभर हातोडी मारतो. ठक्, ठक्, ठक्. त्याला मी किती बोललो असेन! मी इथं मायक्रॉनमध्ये काम करतो आणि हा गडी खिळे ठोकल्यासारखा ठोकतो, असं चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणायचो. तो कधी उलट बोलला नाही. तो बिचारा माझा राखलेला माल ठोकून आत घालत होता.

त्या रात्री नीट जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर "मार्क कमी पडले" म्हणालो.

मेस्त्री चुकीचे होते असं मात्र मला म्हणवत नाही. त्यांच्या काळी एकाच माणसानं शाफ्ट करायचा, त्यानंच बोअर करायचं आणि दोन्ही एकमेकांत घालून बघायचं. तेव्हा माल राखणं शहाणपणाचं होतं, कारण शेवटचा हात पुन्हा आपलाच. आता शाफ्ट माझ्याकडं, बोअर शिरोलीला दुसऱ्या शॉपमध्ये, जोडणी तिसऱ्याकडं. प्रत्येकानं राखलेला माल शेवटच्या माणसाच्या गळ्यात. आणि मेस्त्रींचं दुसरं वाक्य, "गरम जॉब मापू नको", ते तर पुस्तकानंच खरं केलं. मोजमापाचं जगभरचं तापमान 20 अंश. 100 मिलिमीटरचा पोलादी जॉब 15 अंशांनी तापला की 17 मायक्रॉन फुगतो. माझी सगळी जी सिक्सची सवलतच 13 ची. मेस्त्री जॉबला पालथा हात लावून थांबायचे, त्यांना हा आकडा माहीत नव्हता, पण हात बरोबर थांबायचा.

पगाराचं विचारलंयस. मालकांनी प्रमाणपत्र बघितलं, "छान" म्हणाले आणि परत दिलं. दिवाळीनंतर बघू म्हणालेत. सीएनसीवर सेटर म्हणून घेतील असं वाटतं, नाही घेतलं तर गोकुळ शिरगावला दोन ठिकाणी विचारून ठेवलंय. फी वसूल व्हायला वर्ष जाईल. कुणाला पगारासाठी हा कोर्स कर असं मी छातीठोक सांगणार नाही.

आता तुझं काम. तू तिथं तेलाच्या पाइपांना आटे पाडतोस, टेपर आटे, सोळाला एक. त्याचा अर्धा कोन किती? तुला मशीनमध्ये घातलेला कोन माहीत असेल, तो कुठून आला ते विचारतोय. मला माहीत आहे, पण सांगणार नाही. डिसेंबरात सुट्टीवर येशील तेव्हा काढून आण. वहीत, मोबाइलवर नाही. चुकलास तर मिसळ तुझ्याकडून.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
टर्नर (आता प्रमाणपत्रासकट)

ता. क. असेंब्लीच्या पोराला टपरीवर सगळ्यांसमोरच सांगितलं, की चूक माझी होती. तो म्हणाला, "मामा, मला वाटायचं शाफ्ट असेच असतात." मी आता मधल्या रेघेवर काम करतो. अण्णा अजून राखूनच करतो, ऐकत नाही. हातोडी चालूच आहे, पण कमी.