उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असं आपल्याकडे म्हणतात. पण पुण्याहून बारामतीला जायच्या वाटेवर एक उकिरडा असा आहे, की बाराची तीन आवर्तनं उलटली तरी त्याचे पांग काही फिटले नाहीत. आणि तो त्या गावाचा नाहीच मुळी! तो आहे पुण्यातल्या तुमच्या-आमच्यासारख्यांच्या स्वयंपाकघराचा.

स्वारगेटहून सासवडमार्गे बारामतीची गाडी घेतली, की हडपसर मागे पडतं आणि दिवे घाटाच्या आधी फुरसुंगी, उरुळी देवाची ही गावं लागतात. माउलींची पालखी जाते ती हीच वाट. ऐंशीच्या दशकापासून पुण्याचा कचरा इथं येऊन पडू लागला. भाजीची देठं, उष्टं-खरकटं, दुधाच्या पिशव्या, फुटक्या बांगड्या, विजेरीतले संपलेले सेल, सगळं एकत्र. पावसाळ्यात त्यातून काळं पाणी पाझरलं, जमिनीत मुरलं आणि आसपासच्या विहिरी नासल्या. मग महापालिकेचे टँकर आले. दाराशी विहीर असून हंडा घेऊन टँकरची वाट बघायची, म्हणजे काय ते बायकांनाच विचारावं. शेवटी २०१४ साली गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, आणि पुण्याच्या पेठांतून ढीग साचले, तेव्हा कुठे शहराला घाण आली! पुढे हे जुने डोंगर खणून, चाळून, माती निराळी आणि प्लॅस्टिक निराळं करायचं काम हाती घेण्यात आलं. जे आपण ओट्यापाशी दोन मिनिटांत केलं असतं, ते करायला मोठमोठी यंत्रं लागतात.

शहराच्या उकिरड्याचे पांग कधीच फिटत नाहीत असं नाही. कोथरूडला वनाजजवळ पूर्वी कचरा डेपो होता. तिथं आज मेट्रोच्या गाड्या मुक्कामाला असतात. पण कोथरूडचं नशीब उघडलं, तोवर शहराचा कचरा दुसऱ्याच्या दारी गेला होता, हेही खरं.

आता जरा मागच्या काळात जाऊ या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्याची घाण फुकट जात नव्हती. शहराचा मैला राखेत मिसळून, वाळवून त्याचं सोनखत करीत आणि कालव्याच्या पाण्यावर ऊस लावणारे बागायतदार ते पैसे मोजून नेत. त्या काळाचे गोडवे गायचं मात्र कारण नाही. तो मैला डोक्यावरून वाहायला समाजानं ठरावीक जातींचीच माणसं जुंपली होती, आणि ती प्रथा कायद्यानं बंद करायला १९९३ साल उजाडावं लागलं. पण एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या खतात प्लॅस्टिक नव्हतं, काच नव्हती, म्हणूनच शेतकरी ते रानात घालायला धजावत असे.

हीच गोष्ट बारामतीच्या पुढे आणखी स्पष्ट दिसते. १८८५च्या सुमारास नीरा डावा कालवा आला आणि बारामती-इंदापूरच्या दुष्काळी माळाचा ऊसमळा झाला. बारामतीहून इंदापूरला निघालं, की वाटेत भवानीनगरचा साखर कारखाना लागतो. गळिताच्या दिवसांत उसाच्या गाड्यांची ही रांग! साखर कारखान्याचा संसार एखाद्या हिशेबी गृहिणीसारखा असतो. रस काढून उरलेलं चिपाड बॉयलरखाली जातं, मळीपासून स्पिरिट आणि इथेनॉल होतं, रस गाळून राहिलेला गाळ, म्हणजे प्रेसमड, खत म्हणून शेतात जातो. काही टाकायचं उरतच नाही म्हणा ना! कारण प्रत्येक वस्तू निराळी बाहेर पडते. हीच तिन्ही एका खड्ड्यात ओतली असती, तर त्यांचाही उरुळीसारखाच डोंगर झाला असता.

इंदापूरहून सोलापूर रस्त्यानं परत पुण्याकडे यावं. पळसदेव, मग भिगवण. उजवीकडे उजनीचं पाणी पसरलेलं दिसतं. १९८० साली धरण पुरं झालं आणि भीमाकाठची कितीतरी गावं या पाण्याखाली गेली. हिवाळ्यात कुंभारगाव, डिकसळला कोळ्यांच्या होडीतून रोहित पक्षी बघायला माणसं लांबून येतात. हजारो गुलाबी-पांढरे पाय चिखलात उभे! पण होडीतून हात पाण्यात घातला, तर तो हिरवट का दिसतो? पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथं येतं. आपल्या मोरीतला साबण, सिंकमध्ये ओतलेलं तेल, सगळं. त्यातला काही भाग शुद्ध करून मुंढव्याहून कालव्यात सोडतात आणि तो शेतीला मिळतो. जे शुद्ध न होता येतं, त्यावर शेवाळ आणि जलपर्णी माजते. रोहितांना ते चालतं, पण याच धरणाचं पाणी सोलापूरच्या घरांतून हंड्या-कळशांत भरलं जातं.

मग करायचं काय? याचं उत्तर पुण्यातल्याच बायकांनी दिलं आहे. कचरा वेचून पोट भरणाऱ्या या कष्टकरी बायका १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत एकत्र आल्या. २००८ साली त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार केला आणि त्या दारोदारचा कचरा गोळा करू लागल्या. कागद, बाटल्या, पत्रा निवडून विकायचा, तीही त्यांची कमाई. जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्याही त्यांनी केल्या, कशासाठी, तर वापरलेले सॅनिटरी पॅड त्यात घालून द्यावेत, म्हणजे निवडणाऱ्या हाताला घाण लागू नये.

आपल्या आजीला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. जुन्या लुगड्याची गोधडी, गोधडीचं पायपुसणं, पायपुसण्याचं पोतेरं. उष्टं गाईला, शेण उकिरड्यात, उकिरडा शेतात. आपल्याला गाय नाही, शेत नाही, पण दोन डबे ठेवता येतात की! ओलं एकात, सुकं दुसऱ्यात. दुधाची पिशवी धुऊन वाळवावी, आणि कापताना कोपऱ्याचा तुकडा सुटा पाडू नये, तो निवडायला फार किचकट. पॅड आणि बाळाचे डायपर कागदात गुंडाळून वर लाल खूण करावी. फुटकी काच जाड कागदात बांधावी. तळणीचं उरलेलं तेल मोरीत न ओतता जुन्या कागदानं टिपून घ्यावं. ओल्या कचऱ्यावर मूठभर माती टाकली, भोकं पाडलेली जुनी बादली घेतली, मधूनमधून हलवलं, की दोन-तीन महिन्यांत कुंडीतल्या मोगऱ्यापुरतं खत घरीच होतं.

बारामती-इंदापूरची सहल थंडीत जरूर करा. मोरगावचा गणपती होतो, मुलांना रोहित दाखवता येतात. जाताना डबे घरचे न्या आणि रिकाम्या बाटल्या परत आणा. त्या गावांत आपलं आधीच पुष्कळ पोचलेलं आहे.